बारा पात्यांचं चाक

नळाला पाणी येतं त्या दिवशी मी घर सोडत नाही. बॅरल, घागरी, बादल्या आणि शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा, ही आमच्या घरातली शिस्त. बाकीच्या सकाळी सगळ्या सारख्याच. दूध, पेपर, बेळगावच्या गणपत गल्लीतली भाजी. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, आयुष्य काढलेल्या टर्नरला निवृत्तीनंतर आणखी काय काम असणार? त्यामुळं बेळगुंदीहून आक्काचा फोन आला, “अळंबी आल्यात, येऊन घेऊन जा,” की मी छत्री उचलतो. अळंबी चांगली असतातच. पण मला ओढ असते ती दाजींच्या विहिरीवरच्या पवनचक्कीची.

आमचं पिण्याचं पाणी राकसकोपच्या धरणातून येतं, आणि बेळगुंदी त्याच वाटेवर. पावसाळ्यात चंदगडकडून वारा सुटला की छत्री उलटी होते. सगळीकडं रताळ्याच्या वेली लावायची घाई. त्यात ही चक्की लोखंडी शिडीसारखी उभी. बारा पत्र्याची पाती, मागं शेपूट.

असल्या चक्क्या १९८०च्या दशकात सरकारी अनुदानातून देशभर बसल्या. नमुन्याचं नाव १२ पीयू ५००. बारा पाती आणि चाकाचा व्यास ५०० सेंटीमीटर. मूळ आराखड्यात डच लोकांचा हात होता. त्यांच्या देशात पवनचक्क्या शेतातलं पाणी बाहेर काढायला लागायच्या, आपल्याकडं विहिरीतलं शेतात आणायला.

मला तिचं कौतुक वाटतं ते साधेपणाचं. वर गिअरबॉक्स नाही. चाकाचा शाफ्ट दोन बेअरिंगांत, पुढं क्रँक, म्हणजे वाकडा दांडा, क्रँकला रॉड, रॉड खाली विहिरीतल्या सिलिंडरपर्यंत. चाक एकदा फिरलं की पिस्टन एकदा वर, एकदा खाली. पाती जास्त असल्यामुळं मंद वाऱ्यातही ओझं उचलून फिरायला लागते. वीज तयार करणाऱ्या तीन पात्यांच्या त्या उंच चक्क्या वेगाच्या, ही जोराची. आणि वाऱ्याचा झोत आला तर? चाक खांबाच्या मधोमध नाही, थोडं बाजूला बसवलंय. वारा वाढला की ते आपोआप शेपटीकडं वळून अंग चोरतं. ना सेन्सर, ना स्विच. तरुणपणी मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा दाजी म्हणाले होते, “त्येच्याकडं काय बघतोस गा, जेवायला चल.”

ताकद किती, तर सेकंदाला तीन मीटरच्या वाऱ्यात जुन्या साठ-सत्तर वॅटच्या बल्बाएवढी. हसू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. मात्र खरी गोची इथंच आहे. आमच्याकडं जोराचा वारा आषाढ-श्रावणात, जेव्हा विहीर काठोकाठ असते आणि शेताला पाणी नको असतं. मिरची-कोबीला पाणी हवं तेव्हा वाऱ्याचा पत्ता नाही. तरी दाजींनी युक्ती केली होती. रात्रंदिवस थेंबथेंब येईल तेवढं टाकीत साठवायचं आणि सकाळी सोडायचं.

मग पाच एचपीची मोटर आली. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात वीज फुकट. कोण वाऱ्याची वाट बघत बसणार? सगळे म्हणतात मोटरनं चक्कीला मारलं. मला नाही पटत. तिला मारलं ते पिस्टनवरच्या चामड्याच्या वाटीनं. ती झिजते, दर थोड्या महिन्यांनी बदलावी लागते, आणि त्यासाठी विहिरीतनं अख्खा रॉड वर ओढावा लागतो. शिवाय ग्रीस लावायला वर चढायचं. अनुदान चक्कीला मिळालं, चढणाऱ्या माणसाला नाही. एकदा बुश, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, झिजला तेव्हा गनमेटलचा नवा मीच लेथवर काढून दिला होता. तो अजून आत आहे.

आता रॉड काढून टाकलाय, चाक मात्र फिरतं. परवा गेलो तर कर्र कर्र ऐकू आलं. भाचा म्हणाला, “मामा, भंगारवाला येऊन गेला की. किलोवर घेतो म्हणालाय.”

“किती देतो?”

त्यानं आकडा सांगितला. वाईट नव्हता, खरं सांगायचं तर. दाजी काहीच बोलले नाहीत, सुपारी कातरत बसले. आक्का आतनं ओरडली, “आधी च्या घ्या, मग लोखंडाचं बघा.”

चहा घेता घेता भाच्याला विचारलं, रात्री मोटरला लागणारी थ्री फेज वीज किती वाजता येते? तो म्हणाला, पाळी बदलत असते. कधी मध्यरात्री उठून स्टार्टर दाबायला जावं लागतं. दाजी तेवढ्यात म्हणाले, “चक्कीला कधी उठावं लागलं नाही.” भाचा गप्प झाला. मग त्यानंच विचारलं, बेअरिंग मिळतील का?

मिळतील. नंबर कळला तर उद्यमबागेत तासाभरात मिळतील. पाऊस उघडला की तो वर चढून नंबर वाचणार आहे, मी खाली उभा राहून ओरडणार आहे. चामड्याच्या वाटीसाठी एका चप्पलवाल्याला विचारून ठेवलंय. फक्त तो नळाचा दिवस नसावा.