कुठला मोबाईल घ्यायचा ते नंतर बघू, आधी ऊन कुठून येतंय ते बघ

मला फोटोतलं थोडंफार कळतं असं नातेवाईकांत आणि ऑफिसात पसरल्यापासून एकच प्रश्न येतोय, फोटोसाठी कुठला मोबाईल घेऊ. परवा मावसभावाने पण तेच विचारलं, बजेट सांगितलं, दोन मॉडेलची नावं पाठवली आणि म्हणाला, "सांग की बे, कुठला घेऊ." मी म्हटलं तू फोटो किती वाजता काढतोस ते सांग आधी. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो, खरंच तोच प्रश्न आहे, कारण सोलापुरात फोटो बिघडायचं एक नंबरचं कारण मोबाईल नसतो, ऊन असतं.

आपलं गाव साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरासं वर आहे, त्यामुळं मे महिन्यात साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब होते. आणि लग्नं कधी? एप्रिल-मे मध्येच. मुहूर्त साडेबाराचा, अक्षता पडल्या की सगळे कार्यालयाच्या दारात उन्हात उभे राहणार आणि ग्रुप फोटो काढणार. मग घरी येऊन बघायचं तर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, बायकांच्या चेहऱ्यावरही, कपाळ मात्र चकाकतंय. चाळीस हजाराचा फोन असू दे नाहीतर लाखाचा कॅमेरा, वरून सरळ पडणाऱ्या उन्हाला तो काय करणार.

उपाय फुकट आहे. लोकांना दोन पावलं मागं घ्या, पोर्चच्या नाहीतर मांडवाच्या सावलीत, पण एकदम आत नाही, सावली जिथं संपते त्या काठाच्या जरा आत, आणि तोंडं बाहेर उजेडाकडं. समोरच्या आभाळाचा, रस्त्याचा, फरशीचा सगळा उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. फक्त पाठीमागं उन्हातला रस्ता येऊ देऊ नका, तो पांढरा फक्क पडतो आणि माणसं काळी दिसतात, मागं भिंत नाहीतर मांडवाचा पडदाच बरा. घरात पण हेच, दार उघडा, माणसाला दाराच्या आत हातभरावर उभं करा, ट्यूबलाईट, बल्ब सगळे दिवे बंद करा. दिवे बंद करा म्हटलं की लोक माझ्याकडं येड्यासारखं बघतात, पण दारातला उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या. कॅमेऱ्यानं कुठल्या रंगाला पांढरं मानायचं?

जानेवारीतलं ऊन वेगळं असतं हे मला फोटो काढायला लागल्यावरच नीट कळलं. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडं कललेला असतो, क्षितिजापासून पन्नासेक अंशावर. म्हणून गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी अक्षता सोहळा दुपारी असला तरी फोटो मेच्या लग्नासारखे भयाण येत नाहीत. तुम्ही कुठं उभं राहता एवढंच बघायचं, समोरच्या माणसाचं तोंड दक्षिणेकडं असेल तर उजेड चेहऱ्यावर, उत्तरेकडं असेल तर उजेड पाठीवर.

गड्ड्याचा विषय निघालाच आहे तर मीटरिंगचं, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्याचं सांगून टाकतो, कारण ते सिद्धेश्वराच्या यात्रेतच सगळ्यात जास्त नडतं. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नसतं, नुसता उजेड मोजून तो सगळं मिळून मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो, ज्याला जुने फोटोग्राफर १८ टक्के ग्रे म्हणतात. आता नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीत समोर शेकडो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. कॅमेरा म्हणतो अरे बाप रे किती उजेड, कमी करा, आणि पांढरीशुभ्र बाराबंदी मळक्या राखाडी रंगाची येते, चेहरे त्याहून काळे. आजकालचे फोन चेहरा ओळखून जरा सांभाळून घेतात पण गर्दीत ते पण गोंधळतात. मग काय करायचं, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून दाबून धरायचं, फोकस आणि एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, बाजूला छोटा सूर्य येतो, तो वर सरकवायचा. कॅमेऱ्यात प्लस-मायनसचं बटण असतं, तिथं प्लस पाऊण ते प्लस एक. काळ्या म्हशीचा फोटो काढायचा असेल तर उलटं, मायनस, नाहीतर म्हैस करडी येते. पांढऱ्याला प्लस काळ्याला मायनस, सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण एकदा करून बघा.

हीच भानगड आमच्या एका दोस्ताची. तो टॉवेल आणि चादरी व्हॉट्सअॅपवर विकतो, सोलापूरच्या पूर्व भागात त्याच्या ओळखीचे कारखाने आहेत. पांढऱ्या टॉवेलचे फोटो टाकले की गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ वापरलेला आहे काय?" त्याला प्लस करायला सांगितलं, टॉवेल नवा झाला. चादरीचं प्रकरण त्याहून मजेशीर. सोलापुरी चादरीची सगळी जान तिच्या विणकामात आणि जाडीत आहे, उगाच नाही तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हा पठ्ठ्या समोरून फ्लॅश मारून फोटो काढायचा. समोरून उजेड मारला की धाग्यांच्या सावल्या धाग्यांच्या मागंच लपतात, चादर छापील कापडासारखी सपाट दिसते. मग चादर दाराशेजारी अशी लावली की उजेड एका अंगानं, अगदी तिरका घासून जाईल. धागा न् धागा उठून आला, जॅकार्डची, म्हणजे विणतानाच उठवलेली नक्षी बोटाला लागेल अशी. लाल रंगाचं मात्र जपून, भडक लाल फोनमध्ये लगेच फुटतो, सगळा एकच ठिपका होतो, आतली नक्षी जाते, तिथं स्क्रीनवरचा तो छोटा सूर्य जरा खाली ओढायचा. आणि एक, फोटो दिवसाच्या उजेडातच काढायचा, पिवळ्या बल्बखाली काढलेली चादर घरी गेल्यावर वेगळ्या रंगाची निघाली तर गिऱ्हाईक भांडणारच की.

कारखान्याच्या आत फोटो काढायचा असेल तर अजून एक गंमत आहे. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या ट्यूबा आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. शटर खूप फास्ट, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ फार कमी ठेवला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. अशा वेळी प्रो मोडमध्ये (जिथं सगळं आपण हातानं ठरवतो) जाऊन शटर १/१०० नाहीतर १/५० सेकंद करायचं, पट्टे जातात. आता १/५० ला धोटा काय स्थिर येणार नाही, हलताना दिसेल, पण माझं मत विचाराल तर तेच पाहिजे, माग चालू आहे हे दिसायला पाहिजे ना. फक्त विणकरानं क्षणभर मान स्थिर ठेवली त्याच वेळी बटण दाबायचं, चेहरा शार्प आणि धोटा हलता, यापेक्षा भारी काय. आणि आधी विचारायचं. "अण्णा, एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात, वर चहा पण पाजतात. बिड्या वळणाऱ्या बायकांना तर विचारल्याशिवाय कॅमेरा वर उचलायचाच नाही, नको म्हणाल्या तर नको, विषय संपला. बाहेर पडल्यावर लेन्स पुसा, आत सगळीकडं सुताची रूई उडत असते.

लेन्स पुसण्यावरून आठवलं. धुकट फोटो, दिव्याभोवती रेघोट्या, हे नव्वद टक्के वेळा बोटाचं तेल असतं. पुसा. चष्म्याच्या मऊ फडक्यानं, शर्टाच्या टोकानं नाही, आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ इतकी असते की शर्टात ती असतेच आणि कोरड्या धुळीनं घासलं की चरे पडतात, आधी फुंकर मारायची. अजून एक उन्हाळी गोष्ट, मेमध्ये काळा फोन उन्हात हातात धरून दहा मिनिटं व्हिडिओ काढला की तो तापून कॅमेराच बंद करतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा, फ्रीजमध्ये मात्र टाकू नका, आत पाणी धरतं.

ते अपर्चर, शटर, आयएसओचं त्रिकूट. सगळीकडं यावर मोठमोठे लेख आहेत म्हणून मी लांबवत नाही. अपर्चर म्हणजे भोक, आकडा लहान तर भोक मोठं आणि मागचं जास्त ब्लर, शटर म्हणजे किती वेळ उजेड आत घेतला, आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा, वाढवला की दाणे दिसतात. एक वाढलं की दुसरं कमी करायचं. मोबाईलमध्ये अपर्चर बहुतेक वेळा बदलतच नाही, म्हणजे तुमच्या हातात दोनच राहिले, सोपं झालं. रोलच्या जमान्यातला एक नियम मात्र सोलापूरसाठीच बनवल्यासारखा आहे, कडक ऊन असेल तर अपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ/८ केलं की १/४००. आपल्याकडं कडक ऊन वर्षातले बरेच महिने फुकट मिळतं, उजेड मोजायचं मीटर नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर पण फोटो बरोबर येतात. आणि हात हलतो म्हणणाऱ्यांसाठी, लेन्स जितक्या मिलीमीटरची तितकं तरी शटर ठेवा, २०० ची लेन्स असेल तर १/२०० च्या खाली जाऊ नका.

चेहऱ्याबद्दल एक सांगायचंच आहे कारण यावरून घरात भांडणं होतात. "माझं नाक एवढं मोठं आहे का?" नाहीये हो वहिनी, फोन दीड फुटावर आहे. जवळून फोटो काढला की नाक कानाच्या मानानं कॅमेऱ्याच्या फारच जवळ असतं म्हणून ते मोठं येतं, दोष लेन्सपेक्षा अंतराचा. सात-आठ फूट मागं या आणि २एक्स नाहीतर ३एक्स लावा, तीच बाई तोच ड्रेस, चेहरा बरोबर. ग्रुप फोटोत पण कडेच्या माणसांना ताणून जाड करू नका, मागं सरका. पोरांचा फोटो असेल तर खाली बसा, गुडघे दुखत असले तरी बसा, वरून काढलेल्या फोटोत पोराचं डोकं तेवढं दिसतं.

सोलापूरजवळच्या नान्नजला काळवीट बघायला जाणाऱ्यांनी मोठी लेन्स भाड्यानं आणायच्या आधी हे वाचा. सकाळी साडेनऊ-दहानंतर माळरान तापतं, जमिनीवरची गरम हवा थरथरायला लागते, आणि लांबच्या काळविटाचा फोटो कितीही शार्प फोकस केला तरी पाण्यातून काढल्यासारखा येतो. याला कुठलीच लेन्स औषध नाही. पहाटे पोचा, उजेड फुटल्यापासून दोन तासात काम उरका, पळत्या कळपाला शटर १/१००० च्या पुढं ठेवा, गाडीतूनच काढा. गाडी माळावर घालून कळपाच्या मागं लागणारे दिसतात कधीकधी, त्यांना फोटो मिळतो तो काळविटाच्या पाठीचाच. माळढोक पक्षी दिसेल या आशेनं जाऊ नका, तो आता जवळपास उरलाच नाही. तेवढं लांब जायचं नसेल तर हिप्परगा तलाव आहे, तुळजापूर रोडला, सकाळचं पाणी शांत असतं. किंवा गावातच सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर सूर्य उगवायच्या वीस मिनिटं आधी जाऊन उभे रहा, आभाळ अजून निळं असतं आणि देवळातले दिवे लागलेले असतात, दोन्हीचा उजेड तेव्हाच जुळतो, नंतर आभाळ जिंकतं.

गड्ड्यात होम मैदानावर होणाऱ्या शोभेच्या दारूकामाचे फोटो सगळ्यांना पाहिजे असतात आणि सगळ्यांचे हललेले असतात. ट्रायपॉड पाहिजेच, नसेल तर कंपाउंडच्या भिंतीवर फोन टेकवा. फ्लॅश बंद, आकाशात काय तो पोचत नाही, पुढच्या माणसाची टोपी तेवढी उजळते. कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर दोन ते चार सेकंद, फोकस मॅन्युअल करून इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबवर. मोबाईलचं भोक मोठं असतं म्हणून तिथं अर्धा-एक सेकंद पुरतो, आणि बटण दाबताना धक्का बसतो तर दोन सेकंदाचा टायमर लावा. सुरुवातीच्या दहा मिनिटातच काढून घ्या, नंतर धूर साचतो आणि सगळं गुलाबी ढगासारखं येतं. वारं तुमच्या पाठीकडून मैदानाकडं जात असेल अशी जागा आधीच धरून ठेवा, त्यासाठी लवकर जावं लागतं, गर्दी माहितीय तुम्हाला.

आणि हे सगळं करून फोटो व्हॉट्सअॅपला साधा टाकू नका रे, तो पिळून बारीक करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मावसभावाला एवढं सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, शेवटी म्हणाला, "ते बरोबर आहे, पण कुठला घेऊ?" म्हटलं दोन्हीतला ज्यात प्रो मोड आहे आणि खरी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे तो घे, मेगापिक्सेलचा आकडा बघू नको.