तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या ग्रुपवर आधी आणि तुमच्याकडं नंतर, असं का?

लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर केस कापायला बसलेलो असो, मी माहिती खात्यात आहे असं कळलं की समोरचा हे विचारतोच. "काय ओ साहेब, सरकारची बातमी सरकारच्या आधी आमच्या व्हॉट्सॲपवर कशी येते? मग तुम्ही तिथं बसून करता काय?" आजवर हसून वेळ मारून न्यायचो, पण यंदा भावकीतल्या एका काकांनी चारचौघांत विचारलं आणि वर "पगार चालू आहे न्हवं, मग झालं" असंही म्हणाले, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. ऑफिस कुठलं ते लिहीत नाही, पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्याशी रोजचा संबंध येतो एवढं पुरे. आम्हाला १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात २०२५ ला सोशल मीडियाचं वेगळं परिपत्रक आलंय, तेव्हा हे सगळं माझं माझ्यापुरतं.

तर तुमच्याकडं जे आधी येतं ना, त्यातलं काही खरंच आधी येतं. सही झालेलं पत्र टेबलावर असतानाच कुणीतरी मोबाईलवर फोटो मारतो, भावाला पाठवतो, भाऊ ग्रुपवर टाकतो, आणि ते पत्र जावक नंबर पडून आमच्याकडं येईपर्यंत गावाला पाठ झालेलं असतं. ह्यावर माझं काही म्हणणं नाही, खरं ते खरं. पण उरलेलं जे "आधी" येतं ते आधीचंच असतं, म्हणजे गेल्या वर्षीचं.

शाळेच्या सुट्टीचं घ्या. जुलैत दोन दिवस पावसानं झोडपलं की संध्याकाळी सहानंतर एक पत्र फिरायला लागतं, "उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी". लोकांना वाटतं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून खोटं पत्र बनवलं. तसं फार क्वचित असतं. पत्र अस्सल असतं, शिक्का खरा, सही खरी, जावक क्रमांक खरा, फक्त मागच्या पावसाळ्यातलं असतं आणि तारखेची वरची ओळ कापलेली असते, किंवा कापलेलीही नसते, कुणी वाचलेलीच नसते. मग फोन सुरू. मुख्याध्यापक, पालक, स्कूलबसवाले काका, क्लासवाले सर, एखाद्या पोराचा आवाज मोठ्या माणसासारखा करून आलेला फोन पण असतो आणि तो लगेच ओळखू येतो. सगळ्यांचा एकच सूर, सुट्टी आहे का नाही ते एका शब्दात सांगा.

आणि एका शब्दात सांगता येत नाही, कारण त्या वेळी सुट्टी ठरलेलीच नसते. सुट्टी जाहीर करतात जिल्हाधिकारी, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. त्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघायचा, कुठल्या तालुक्यात ओढ्यांना पाणी आहे ते तहसीलदारांकडून घ्यायचं, शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलायचं. घाटमाथ्याला रेड अलर्ट आणि शहराला यलो असं बऱ्याचदा असतं, मग अख्ख्या जिल्ह्याला सुट्टी की तीन-चार तालुक्यांना, ह्यावर खल होतो. लोकांच्या डोक्यात मात्र रेड अलर्ट म्हणजे सुट्टी हे फिट्ट बसलंय. रेड म्हणजे चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचा इशारा, ऑरेंज ११५.६ पासून त्याच्या खालपर्यंत, यलो ६४.५ पासून ऑरेंजच्या खालपर्यंत. सुट्टीचा त्यात कुठं उल्लेख नसतो. तर हे सगळं होऊन निर्णय व्हायला रात्रीचे नऊ वाजतात, तोवर जुन्या पत्रावर अर्धा जिल्हा दप्तर न भरता झोपलेला असतो.

सुरुवातीला आम्ही काय करायचो, ते फिरणारं पत्र घ्यायचं, त्यावर तांबड्या अक्षरात "फेक" असं तिरकं लिहायचं आणि आपल्या पेजवर टाकायचं. सगळीकडं तसंच करतात. मला ती पद्धत आता पटत नाही. लोक स्क्रोल करताना पत्र बघतात, शिक्का बघतात, "फेक" कडं लक्ष जातंच असं नाही, आणि ज्यांच्याकडं ते पत्र पोचलंच नव्हतं त्यांच्याकडं ते आमच्यामुळं पोचतं. आता आम्ही त्या पत्राचं चित्र टाकतच नाही. सरळ लिहितो: मंगळवार दि. २२ जुलै २०२५ रोजी शाळा नियमित सुरू राहतील, हा मेसेज सोमवारी रात्री ८.४० वाजताचा आहे. वार, तारीख, साल आणि वेळ, आणि ते सुद्धा वर एका कोपऱ्यात नाही, मजकुराच्या मधोमध, म्हणजे कापायचं तर मजकूरच कापावा लागतो. वार तर पाहिजेच. पुढच्या वर्षी बावीस जुलैला मंगळवार नसतो, त्यामुळं जुना मेसेज फिरला तरी निदान शाळेचे शिपाईमामा ओळखतात. गंमत वाटेल पण माझ्या कामातला हल्लीचा मोठा भाग हाच आहे, प्रत्येक वाक्याला वेळ बांधून ठेवायची. पूर्वी हे काम पेपर करायचा. बातमी ज्या पेपरात आली त्याच्या डोक्यावर तारीख असायचीच, आणि परवाच्या पेपरात भजी बांधून मिळायची त्यामुळं परवाची बातमी कुणी आजची म्हणून वाचत नव्हतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा प्रेसनोट फॅक्सनं जायची, शहरातल्या पेपरांना शिपाई सायकलवरून पाकिटं टाकून यायचा. नंतर ईमेल आला, त्यासोबत फॉन्टचा ताप आला, आमच्याकडं योगेश आणि सुरेख, पेपरवाल्यांकडं श्रीलिपी, पालकमंत्र्यांचा दौरा पाठवला की तिकडं नुसती चिन्हांची रांगोळी उघडायची आणि उपसंपादक फोनवर मजकूर उतरवून घ्यायचा. युनिकोडनं ते संपवलं. पण त्या काळात कुणी मला "तुमची बातमी उशिरा का" असं विचारलं नाही. उशीर तेव्हाही तेवढाच होता हो. सही दुपारी बाराला होवो की पाचला, पेपर सकाळीच यायचा, त्यामुळं आमचा उशीर छपाईच्या पोटात जिरून जायचा. मोबाईलनं आम्हाला हळू केलेलं नाही, आमचा हळूपणा चव्हाट्यावर आणलाय.

मग सगळंच फास्ट करून टाका की, असं तरुण मंडळी म्हणतात. इथं माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडून जातं त्यात दोन गोष्टी असतात, आकडे आणि निर्णय. निर्णयाला वेळ लागू दे, सही होऊ दे, उद्या कोर्टात दाखवायची पाळी आली तर तो कागद टिकला पाहिजे. पण आकड्याला कशाला पाहिजे मंजुरी? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, हे पट्टीवर दिसतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. दुपारी दोन वाजता साडेअडतीस फूट असेल तर ते साहेबांनी मंजूर केलं म्हणून साडेअडतीस होत नाही. तरी एके काळी तो आकडा पण फाईलसारखा वर जाऊन खाली यायचा आणि खाली येईपर्यंत पाणी चार इंच वर गेलेलं असायचं.

२०१९ च्या ऑगस्टनं हे बदललं. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, हायवे बंद, आणि चिखली-आंबेवाडीची माणसं, शिरोळची माणसं, सगळी त्या एका आकड्यावर डोळे लावून होती. बाहेरच्याला कळत नाही, पण आमच्याकडं लोक फूट-इंचावर निर्णय घेतात. अमुक फुटाला म्हशी काढायच्या, अमुक फुटाला धान्य माळ्यावर, अमुक फुटाला म्हाताऱ्या आईला पाहुण्यांकडं सोडून यायचं. हे आकडे कुठल्या सरकारी पुस्तकात नाहीत, घराघरात ठरलेले आहेत, १९८९ आणि २००५ च्या पुरापासून. त्यांना आमचा "नागरिकांनी सतर्क राहावे" हा प्यारेग्राफ नको असतो, फूट आणि इंच पाहिजे असतात आणि किती वाजताचे ते. २०२१ ला पाणी ५६ च्याही वर गेलं तेव्हा मेसेज कसा तीन ओळींचा झाला होता: वेळ, पातळी, पाण्याखाली किती बंधारे. संपलं. माझ्या नोकरीत आमच्या खात्याकडून निघालेलं सगळ्यात उपयोगी लिखाण कुठलं म्हणाल तर तेच, आणि त्यात एक क्रियापद नाही.

अर्थात आकडा दिला म्हणजे काम झालं असंही नाही. राधानगरी धरणाचं दर वर्षी होतं. "रात्री दोन वाजता सरकारनं धरणाचे दरवाजे उघडले आणि कुणाला सांगितलं नाही" असा मेसेज ठरलेला. आता राधानगरीला सात दरवाजे आहेत ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि पाणी उतरलं की परत आपोआप बंद. कुणी साहेब उठून चावी फिरवत नाही. हे इतक्या वेळा लिहिलंय की आता घरातली सुद्धा कंटाळलीत, पण पुढच्या वर्षी परत लिहावं लागणारच. दुसरा मेसेज कोयनेचा, "कोयनेतून इतकं लाख क्युसेक सोडलं, कोल्हापूर बुडणार". कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत जातं, तिथनं सांगली, आणि पंचगंगा कृष्णेला भेटते ती थेट नरसोबाच्या वाडीला. म्हणजे शिरोळकरांनी काळजी करायला हरकत नाही, पण शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं रात्री बारा वाजता ग्रुपवर गाव बुडवायचं कारण नाही. हे सांगताना मी कधी कधी चिडतो. त्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ५४ आहे, आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पण आमच्या आत्यानं काळजीपोटी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर कुठं कलम लावता, उलट तीच आपल्याला फोन करून विचारते, बाळा खरंय का रे.

एक उपयोगाचं सांगतो. मंत्रालयातनं निघालेला शासन निर्णय असेल, तुमच्या भाषेत जीआर, तर शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. सरकारच्या साईटवर तो टाकून बघा, उघडला तर खरा. लाडक्या बहिणीच्या वेळी २०२४ ला ह्याचा लई उपयोग झाला, कारण तेव्हा खोट्याबरोबर खरं पण दर चार दिवसांनी बदलत होतं. आधी मुदत १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, आधी पाच एकराची अट, मग ती काढली, अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल असं झालं. सोमवारची आमची खरी प्रेसनोट शुक्रवारी चुकीची, आणि बायका सोमवारचीच झेरॉक्स घेऊन तलाठी ऑफिसच्या दारात. सुट्टीच्या आदेशाला मात्र असला संकेतांक नसतो, म्हणून तर त्याचं एवढं फावतं.

एआयचं पण विचारतात. ऑफिसात नवीन आलेली मुलं प्रेसनोट त्याच्याकडून लिहून घेतात, मला त्याचा राग नाही, आमच्या जुन्या प्रेसनोटा पण साच्यातल्याच होत्या. फक्त पुराच्या दिवसांत मशीन रिकाम्या जागा स्वतःच्या मनानं भरतं, म्हणून बंधाऱ्याचं नाव आणि आकडा हातानंच टाकायचा असा नियम केलाय. आणि २०२३ च्या जुलैत सगळ्यांचे फोन एकदम बोंबलले होते आठवतंय का, सरकारनं मोबाईल टॉवरवरून पाठवलेला टेस्ट अलर्ट? तेव्हा लोक घाबरून आमच्यावरच ओरडले होते. मला मात्र ते आवडलं होतं. ना ग्रुप, ना फॉरवर्ड, त्या टॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाला थेट, आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाला परत पाठवता येत नाही.

पण माझं खरं दुखणं रस्ते. पाण्याच्या पातळीचं सुटलं, रस्त्याचं सुटत नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की "वाहतूक बंद, पर्यायी मार्गाचा वापर करावा" असा मेसेज पंधरा मिनिटांत निघतो, कारण बंद करणं ही कुणाची तरी जबाबदारी आहे, उद्या गाडी वाहून गेली तर विचारणा होणार. पाणी दुपारी उतरतं, गाड्या सुरू होतात, आणि रस्ता सुरू झाल्याचा मेसेज कुणीच काढत नाही, कारण सुरू झाला हे सांगून परत पाणी आलं तर? त्यामुळं सकाळचा "बंद" संध्याकाळपर्यंत फिरत राहतो आणि कोकणात निघालेला ट्रक निष्कारण लांबचा फेरा मारून जातो. मी सुचवलंय की बंदच्या प्रत्येक मेसेजमध्येच लिहायचं, पुढची माहिती अमुक वाजता देणार, आणि त्या वेळेला काही नवीन नसलं तरी "अजून बंद" एवढं तरी टाकायचं. एका खात्यानं हो म्हटलंय, दुसऱ्यानं "लेखी प्रस्ताव द्या" म्हटलंय, तो दिलाय, जावक नंबर पण पडलाय.