असईच्या काठावर

आज जालना जिल्ह्यातल्या असईजवळ केळणा नदीच्या काठी उभा होतो, तर बकऱ्या चारणारे एक आजोबा म्हणाले, "इथं बघायला काय हाय हो?"

मला पटकन उत्तरच सुचेना. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं शिंद्यांच्या मराठा फौजेशी लढायला आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वाटाडे सांगत होते की नदी ओलांडायला इकडे उतार नाहीच. त्यानं दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली आणि ओळखलं, अरे माणसं ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच, आणि फौज तिथूनच पार नेली. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली, तरी जिंकला.

पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलेल्या याच माणसाला म्हातारपणी विचारलं, लढाईतलं सगळ्यात भारी काम कोणतं? एकच शब्द बोलला, असई.

आपल्यापैकी कितीजण इथं येऊन गेलेत?