एकतीस डबे

काकूंचं दुकान वेबसाइटवर आलं त्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. ठाण्याला नौपाड्यात जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं काम चालतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वर्षभर, आणि दिवाळीत फराळाचे डबे. त्याआधी दोन वर्षं त्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात माल विकत होत्या. एका सकाळी कुणाच्या तरी तक्रारीवरून त्यांचं खातं बंद झालं. कारण विचारायला माणूस मिळाला नाही, ठरावीक उत्तराचे मेल तेवढे येत राहिले. दोन वर्षांत मसाला घेऊन गेलेली चौदाशेच्या आसपास घरं एका दिवसात नाहीशी झाली, कारण त्यांतल्या एकाचाही फोन नंबर काकूंकडे नव्हता. खोक्यात आपल्या नंबरची चिठ्ठी घालायलाही तिथल्या नियमांत मनाई होती.

मी वेबसाइट बनवते. काकू आईच्या ओळखीच्या, म्हणून माझ्याकडे आल्या. पहिल्या दिवशीच मी त्यांना सांगितलं की डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी सेवा), सगळं तुमच्या नावावर आणि तुमच्या मेलवर घ्यायचं. माझ्या नावावर काहीही नको. उद्या मी हे काम सोडलं तरी दुकान तुमच्याकडे राहिलं पाहिजे. पैशाचं गणित त्यांनी स्वतःच मांडलं. अर्धा किलो गोडा मसाला ४२० रुपयांना. आमच्या गेटवेचा दर दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९ रुपये ९१ पैसे. बाजारात कमिशन, पाठवणी आणि जाहिरात धरून याच पुडीमागे सव्वाशेच्या वर जात होते. अर्थात पाठवणीचा खर्च इथेही आहेच, आणि गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं. तो कष्टाचा भाग काकूंनी वहीतून केला. जुन्या ओळखी, प्रदर्शनांत लावलेले स्टॉल, सासूबाईंच्या भिशीतल्या बायका असे हजारभर नंबर व्हॉट्सअॅपच्या यादीत चढवले. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६च नंबर बसतात आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो, म्हणून प्रत्येकीला फोन करून "माझा नंबर काकू फराळवाल्या म्हणून घालून ठेव" असं सांगणं आलं. ते त्यांनी महिनाभर केलं.

दिवाळीला बारा दिवस होते. रविवारी सकाळी दहाला फराळाच्या डब्यांची नोंदणी उघडायची होती. २५० डबे, एकेक ११५० रुपयांचा. चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू, करंज्या आणि अनारसे. वाफेनं चष्मा धुकटत होता, तरी लॅपटॉप घेऊन मी तिथेच एका कोपऱ्यात बसले होते.

दहाला निरोप गेला आणि ऑर्डरी यायला लागल्या. पहिल्या अर्ध्या तासात इतक्या आल्या की काकूंच्या हाताखालच्या चौघीही झारा खाली ठेवून स्क्रीनजवळ आल्या.

पावणेअकराच्या सुमारास काकूंचा फोन वाजला. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. आमच्याकडे ते नाव काकूंचं आणि नंबरही त्यांचाच. डोंबिवलीच्या एक बाई होत्या. "पैसे गेलेत हो माझ्या खात्यातून, पण तुमची पावती नाही आली." बँकेकडून उशीर होत असेल, असं मला वाटलं. अर्धा तास थांबायला सांगा, म्हटलं.

तो अर्धा तास मी वाया घालवला. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

साडेअकराला आणखी दोन फोन आले, तक्रार तीच. तेव्हा मी गेटवेचं पान उघडलं. अकरा चाळीसला सगळे डबे संपल्याची पाटी साइटवर लागली आणि त्याच वेळी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. गेटवे म्हणत होता, २८१ जणांचे पैसे जमा. दुकान म्हणत होतं, २२३ ऑर्डरींचे पैसे मिळाले, २७ बाकी. उरलेले एकतीस दुकानाच्या हिशेबात 'रद्द' होते.

यूपीआयने पैसे भरताना माणूस आपल्या पानावरून फोनमधल्या पैशांच्या अॅपमध्ये जातो. पिन टाकतो. मग त्याने परत आपल्या पानावर यावं अशी अपेक्षा असते, पण बरेच जण येत नाहीत. पैसे गेल्याचा आवाज ऐकला की फोन खिशात. म्हणून दुसरी वाट ठेवलेली असते. गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो की अमक्या ऑर्डरचे पैसे आले. त्याला वेबहुक म्हणतात. ती वाट बंद होती, आणि बंद मी केली होती. गुरुवारी लॉगिनच्या पानावर कुठूनतरी रोबोटांचा मारा होत होता म्हणून मी फायरवॉलचे, म्हणजे साइटच्या दारावरच्या पहाऱ्याचे, नियम कडक केले. ब्राउझरसारखी न दिसणारी प्रत्येक विचारणा ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', असं उत्तर देऊन परत पाठवायची, असा एक नियम त्यात होता. गेटवेचा निरोप ब्राउझरमधून येत नाही. त्यानंतर मी चाचणी घेतली होती, नाही असं नाही. पण दर वेळी लॅपटॉपवर पैसे भरून मी शहाण्यासारखी पानावर परत येत होते. खरी माणसं तशी वागत नाहीत.

आणि आमचं दुकान ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्या वूकॉमर्समध्ये पैसे न आलेली ऑर्डर किती मिनिटं धरून ठेवायची याची एक सेटिंग असते. मुळात ती साठ मिनिटांवर असते. मी ती तशीच ठेवली. त्यामुळे दहा-सव्वादहाला पैसे भरलेल्या लोकांचे डबे अकरानंतर एकेक करून मोकळे झाले आणि दुसऱ्यांना विकले गेले.

मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. चूक माझी आहे, एकतीस डबे जास्त विकले गेलेत, एका क्लिकवर एकतीस जणांचे पैसे परत पाठवता येतील, पाचसात दिवसांत त्यांच्या खात्यात जमा होतील.

काकूंनी हात पुसले. "म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी पैसे भरले, त्यांनाच नाही म्हणायचं?"

"हो."

"मग तसं नाही करायचं. नंबर आहेत ना त्यांचे?"

होते. प्रत्येक ऑर्डरीत नाव, पत्ता, नंबर होता. मी यादी छापली.

एकतीस डबे आणखी करायला काकू तयार होत्या. चकलीची भाजणी होती, बेसन होतं, गूळ आणि खोबरं जांभळी नाक्यावरून संध्याकाळपर्यंत आलं असतं. अडलं ते अनारशांवर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच दळायचे, किसलेला गूळ मळायचा आणि मग ते पीठ मुरायला हवं. कितीही पैसे ओतले तरी हे दिवस कमी होत नाहीत. पीठ मोजून अडीचशे डब्यांचंच होतं.

म्हणून तीन पर्याय ठरले. अनारशांऐवजी जास्त चकली आणि शंकरपाळे घालून डबा वेळेवर. किंवा अनारशांसकट डबा, पण वसुबारसेला. किंवा पैसे परत. फोन काकूंनी स्वतः केले. मी शेजारी बसून लिहीत होते, अधूनमधून सर्व्हरकडे वळत होते. गेटवेच्या निरोपाची वाट तेवढी मोकळी केली. येणाऱ्या निरोपावर गुप्त किल्लीने केलेली सही जुळली तरच तो मानायचा, असं ठेवलं. गेटवे अडलेले निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, तेव्हा एकाच पेमेंटचा निरोप दोनदा आला तर दुसऱ्यांदा काही करायचं नाही, हेही तपासलं. मग दर दहा मिनिटांनी दुकानाने स्वतःहून गेटवेला विचारावं, या बाकी ऑर्डरींचं काय झालं, असं एक काम लावलं. सत्तावीस ऑर्डरी हिरव्या झाल्या तेव्हा मी पाणी प्यायले.

फोनवर कोणी ओरडेल म्हणून मी धास्तावले होते. एका गृहस्थांनी आवाज चढवला आणि ते बरोबरच होतं. अकराशे रुपये जाऊन पावती नाही म्हटल्यावर कोण शांत राहील? पण काकू आधी सांगत होत्या की पैसे सुरक्षित आहेत, मग की चूक आमची आहे, आणि मग पर्याय. बेलापूरच्या एका मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः फोन करताय?" आणि तिने वसुबारसेचा डबा घेतला. एकोणीस जणांनी अनारशांशिवाय चालेल म्हटलं. नऊ जण थांबायला तयार झाले. दोघांनी पैसे परत मागितले, ते त्याच मिनिटाला पाठवले.

त्या दुपारी मला बंद पडलेलं ते जुनं खातं सारखं आठवत होतं. तिथे अशी गफलत झाली असती तर निस्तरायला कुणीतरी यंत्रणा असती हे खरं. पण रागावलेल्या माणसाशी काकूंना बोलता आलं नसतं.

एक नंबर लागेना. नीट पाहिलं तर नऊच आकडे होते. नाव होतं, पत्ता कळव्याचा होता, मेल दिलेला नव्हता. काकूंचा मुलगा संध्याकाळी स्कूटर काढून खाडीपुलावरून कळव्याला गेला. इमारत शोधून, दोन मजले चढून, त्या आजोबांना भेटून आठ वाजता परत आला.

"ते म्हणाले, अनारसे नकोत, चकलीही नको, दात नाहीत. लाडू वाढवून द्या."

मी यादीत त्यांच्या नावापुढे लाडू लिहिलं आणि साइटवरच्या फोनच्या रकान्याला दहा आकड्यांची अट घातली.