बाबांच्या डेस्कटॉपला एसएसडी

अखेर आज इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) आणली. दुकानदार एनव्हीएमई या वेगवान प्रकारावरच अडून बसला होता, "भैया, छह गुना फास्ट है!" खोटं नव्हतं म्हणा. ती सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत वाचते, सॅटा या जुन्या जोडणीवाली ५५०च्या आसपास थांबते. पण बाबांच्या जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईला लागणारा एम.टू स्लॉटच नाही, लावणार कुठे? अडीच इंची सॅटाच घेतली, ५०० जीबीची. बाबांना टॅलीतले हिशेब आणि नातवंडांचे फोटो, एवढंच तर बघायचं असतं. हार्ड डिस्कमधली फिरती तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे पळणारं हेड गेलं, की बारीकसारीक फायली पटापट उघडतात. खरा फरक पडतो तो इथेच.

बसवायला काय, डेटाची एक केबल, पॉवरची एक, आणि साडेतीन इंची खणासाठी ब्रॅकेट. (कॅबिनेटमधली धूळ बघता स्वच्छतेत पहिल्या आलेल्या इंदूरचं नाक कापलं जायचं!) जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरायला (क्लोन व्हायला) मात्र अख्खी दुपार गेली. मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बूटचा (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्याचा) क्रम बदलला आणि विंडोज झटक्यात समोर.

बाबा म्हणाले, "नवीन कॉम्प्युटर घेतलास का रे? केवढ्याला?"

जुनी डिस्क फोटोंसाठी आतच ठेवलीय. ती फॉरमॅट करायची नाही, असं आईने बजावलंय.