डॉक्टरच हैत की ओ

"काका, अ‍ॅझी पाचशे द्या. तीनच."

अ‍ॅझी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक. सात रस्त्याजवळचं मेडिकल. माझ्यापुढे एक मुलगा. हातावर अ‍ॅप्रन, नाक लालबुंद, आवाज बसलेला. काकांनी चिठ्ठी मागितली नाही. मी बघतोय म्हटल्यावर मलाच म्हणाले, "डॉक्टरच हैत की ओ."

डॉक्टर कसला, एमबीबीएसचं दुसरं वर्ष. म्हणजे फार्माकॉलॉजी, औषधांचं शास्त्र, चालू असलेलं वर्ष! ताप आहे का, विचारलं. "नाही, सर्दीच आहे. पण परवा इंटर्नल परीक्षा आहे, रिस्क कशाला?"

स्ट्रिपवर लाल रेघ होती. चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे सांगणारी. पठ्ठ्याने बरोबर त्या रेघेवरच अंगठा दाबून गोळी काढली आणि तिथेच पाण्याबरोबर घेतली. साधी सर्दी विषाणूंची, ही गोळी जिवाणूंवरची. पेपरात हेच विचारलं तर तो पानभर लिहील.

सेफिक्झिमसारख्या दुसऱ्या काही अँटिबायोटिक गोळ्यांची तर २०१४ पासून दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवावी लागते, पेशंटच्या आणि डॉक्टरच्या नावासकट. त्या अशा चिठ्ठीशिवाय दिल्या, तर डॉक्टरच्या रकान्यात काय लिहीत असतील, देव जाणे.

त्याचा राग मात्र आला नाही. "ओपीडीत दाखव की," म्हटलं, तर हसला. "तिथं आमचेच सर बसतात. सर्दी घेऊन गेलो तर सगळ्यांसमोर त्या सर्दीवरच व्हायवा, तोंडी परीक्षा, घेतील."

काउंटरपाशी उभा एक आजोबा सगळं ऐकत होता. मुलगा गेल्यावर पुढे सरकून म्हणाला, "त्याला दिली तीच द्या मला बी."

हॉस्टेलवर राहिलेल्या डॉक्टर मंडळींनो, तुम्ही आजारी पडलात की नक्की कोणाला दाखवायचात?