कांदेनवमी आणि एक नेम

शुक्रवार, आषाढ शुद्ध नवमी. रात्री साडेदहा.

घरभर भज्यांचा वास आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारं आमच्याकडे आता कुणी उरलं नाही, पण कांदेनवमीची भजी मात्र कुणी चुकवत नाही. सोडायचं काहीच नाही, निरोप समारंभ तेवढा दणक्यात! परवा एकादशी. यंदा मीही एक नेम धरणार आहे, आणि तो आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे परवा पळवाटा काढायला नकोत.

एक जानेवारीचे संकल्प मला कधी पटलेच नाहीत. 'यंदा चित्रं जास्त काढायची, फोन कमी बघायचा.' जास्त म्हणजे किती? आणि कधीपर्यंत? आजीच्या पिढीतल्या बायकांचा नेम असा मोघम नसे. त्यात आकडा असे आणि शेवटही ठरलेला असे. आजीचा गोपद्मांचा वसा होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज देवापुढे रांगोळीची ३३ गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, अशी पाच वर्षं, मग उद्यापन. वाड्यातल्या एका काकूंनी तर लाख वातींचा नेम धरला होता. चार महिन्यांत लाख वाती म्हणजे रोजच्या आठशेच्या वर! (हा हिशेब मी आज केला. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही.) दुपारी गप्पा चालू असत, कुणाच्या तरी सुनेचा विषय रंगलेला असे आणि काकूंचे हात वाती वळत असत.

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात 'आज मूड नाही' हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आजची गोपद्मं कालच्यापेक्षा सरस उतरली का, हेही कुणी विचारत नसे. ३३ झाली की उठायचं, पोळ्या लाटायला जायचं. तरी भाद्रपद येईपर्यंत आजीची चिमूट अशी बसलेली असे की रेघ जाड-बारीक होत नसे. मी मात्र कागद पुढे ओढला की पहिला अर्धा तास 'बरं येईल ना' यातच घालवते. म्हणून यंदा चांगल्या चित्राचा नेम धरायचाच नाही, नुसत्या चित्राचा धरायचा.

ऑफिसात मागे एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की २१ दिवसांत सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपर्यंत जातो. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातलं 'निदान' पुढे सगळ्यांनी सोयीस्करपणे गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. चातुर्मास साधारण १२० दिवसांचा असतो (२०२३ साली अधिक श्रावणामुळे पाच महिन्यांचा झाला होता, तेव्हा नेम करणाऱ्यांची कसोटीच). म्हणजे मुदत पुरेशी आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असंही लॅली आणि सहकाऱ्यांना आढळलं. कहाण्यांमध्ये 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये' असा सज्जड दम असतो खरा, पण प्रत्यक्षात बायका व्यवहारी होत्या. आजीला अडचण आली की शेजारची सून येऊन गोपद्मं काढून जाई. आमच्यात माझी चित्रं काढून द्यायला कुणी येणार नाही, तेव्हा एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन.

तर नेम असा. रोज एक चित्र, पोस्टकार्डाएवढं, पेनने. खोडरबर बंद. सकाळचा पहिला चहा घेतानाच काढायचं, आणि ते होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही. त्यासाठी रात्री फोन बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला. नवऱ्याने लगेच विचारलं, "अगं, मग गजराचं काय?" माळ्यावरचं किल्लीचं घड्याळ खाली काढलंय.

रोज टेकडीवर जाण्याचाही मोह होता. पण पावसात हनुमान टेकडीची वाट निसरडी होते, आणि दोन नेम एकदम धरले की दोन्ही ढिले पडतात असं माझं मत आहे. रविवारी मात्र वही घेऊन बाहेर पडायचं. उघडीप असेल तर विश्रामबागवाड्यासमोर. १८०७ साली बांधून झालेल्या त्या वाड्याच्या दर्शनी लाकडी खांबांवर आणि महिरपींवर इतकं कोरीव काम आहे की चार रविवार पुरायचे नाहीत. पाऊस असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. लेण्यात बसायला कोरडी जागा मिळते आणि समोर तो गोल नंदीमंडप. चौकोनी खांब जमतील. गोल छत पावसाच्या पडद्याआडून कसं काढायचं, ते तिथेच बसून कळेल.

गणपतीचे दहा दिवस अवघड जाणार. घरात पाहुणे, पेठेत ढोल. त्या दिवसांत मोदकाच्या कळ्या काढल्या तरी चालतील.

उद्यापनही ठरवून टाकलंय. कार्तिकी झाली की हॉलमध्ये दोऱ्या बांधून सगळी चित्रं चिमट्यांनी लावायची, फसलेलीसुद्धा, आणि मैत्रिणींना जेवायला बोलवायचं. प्रत्येकीने आवडेल ते एक चित्र घरी न्यायचं. उद्या अप्पा बळवंत चौकातून वही आणायची आहे. जाड कागदाची हवी, पावसाळी हवेत पातळ कागदावर शाई फुटते.